जुन्या गाडीच्या ग्रिलची जाळी सारखी सैल पडते, डागाळते, गाडी तापते : कारणं आणि पक्का इलाज

सातारा-सांगली भागातल्या जुन्या मारुती ८००, झेन, सँट्रो, इंडिकांवर घरच्या घरी ग्रिलमागे बसवलेल्या जाळीच्या तक्रारी बहुतेक त्याच तीन असतात. एखादा कोपरा सुटून खडखडतो. पावसाळा संपला की जाळीवर पांढरे नाहीतर तांबडे डाग उमटतात. आणि पसरणी घाट चढताना तापमानाचा काटा वर सरकतो. केबल टाय बदलले, एम-सील भरलं, वरून पुन्हा काळा स्प्रे मारला की दोन महिने बरं चालतं आणि मग पुन्हा तेच सुरू होतं.

जाळी बदलून या तक्रारी फारशा मिटत नाहीत. जाळी मधोमध क्वचितच फाटते, ती कडेला सुटते. म्हणून कड कशी धरली आहे आणि जाळीतून हवा किती आत जाते, या दोन गोष्टी आधी तपासायच्या. साहित्याचा सगळा खर्च साधारण हजार-पंधराशेच्या आत बसतो, पण घाई केली तर तोच खर्च दर वर्षी होतो.

आवाज नेमका कधी येतो?

गाडी उभी, इंजिन आयडलला, आणि जाळी झणझणते : जाळी कुठेतरी ग्रिलच्या आडव्या पट्टीला अर्धवट टेकलेली आहे. ८०० चं ७९६ सीसीचं इंजिन तीन सिलिंडरचं, त्यामुळे आयडलला थरथर जास्तच असते आणि अर्धवट टेकलेली कोणतीही वस्तू वाजते. बोनेट उघडून जाळी बोटाने एकेक जागी दाबत जा. जिथे दाबल्यावर आवाज बंद होतो तिथे एकतर पक्की बांधा, नाहीतर ४-५ मिमी मागे घ्या. मधली अवस्था ठेवू नका.

खराब रस्त्यावरच आवाज येतो, आयडलला नाही : जाळी ठीक आहे, ती ज्या पट्टीवर किंवा क्लॅम्पवर बसवली ती हलते आहे. जुन्या ग्रिलच्या प्लास्टिकच्या कड्या तुटलेल्या असतात आणि अख्खी ग्रिलच डुगडुगते. आधी ग्रिल पक्की करा.

ताशी ६०-७० किमीच्या पुढे शिट्टी किंवा घूं असा आवाज : जाळीची कड मोकळी आहे आणि वाऱ्याने फडफडते, किंवा मधला भाग पोट सुटल्यासारखा फुगून आत-बाहेर होतो. ५० सेमीपेक्षा रुंद जाळीला मध्ये एक तरी आधार लागतोच.

हॉर्न वाजवला की किर्र आवाज : जाळी हॉर्नला किंवा त्याच्या पट्टीला लागते आहे. किमान १५ मिमी अंतर ठेवा.

चिकटवलेली जाळी का टिकत नाही

एम-सील, अराल्डाइट, ग्लू गन, सिलिकॉन हे सगळं वापरलं जातं आणि सगळं सुटतं. कारण साध्या हिशोबात दिसतं. ७० सेमी रुंदीची काळी एबीएस प्लास्टिकची ग्रिल घ्या. जानेवारीतल्या पहाटे १५ अंश आणि उन्हाळ्यात दुपारी उन्हात उभ्या गाडीवर ६५ अंश, म्हणजे ५० अंशांचा फरक. एवढ्या फरकाने एबीएस जवळपास ३ मिमी वाढतं, ॲल्युमिनियम एक मिमीही नाही. हा साधारण २ मिमीचा फरक चिकटवलेल्या सांध्याला सोसावा लागतो. एम-सील कडक असल्यामुळे तडकतं. ग्लू गनचा गोंद रेडिएटरच्या धगीजवळ मऊ पडतो.

बंपरच्या खालच्या जागेत जाळी लावताना अडचण आणखी वाढते. बंपर बहुधा पीपीचा (पॉलिप्रॉपिलिन प्लास्टिकचा) असतो आणि पीपीला साधा इपॉक्सी धरतच नाही, नखाने सोलून निघतो. भागाच्या मागच्या बाजूला एबीएस की पीपी हे उठावाच्या अक्षरांत छापलेलं असतं, ते आधी बघा. पीपी असेल तर चिकटवण्याचा विचार सोडून द्या, बोल्टच लावा.

आंबट वासाचं सिलिकॉन मिळतं ते धातूला लावू नका. सुकताना त्यातून सुटणारं ॲसिड जाळी आणि स्क्रू दोन्ही खातं. सिलिकॉन लागलंच तर न्यूट्रल क्युअर लिहिलेलं घ्या, आणि तेही फक्त थरथर मारण्यासाठी. वजन पेलण्याचं काम त्याचं नाही.

केबल टाय वाईट नाहीत, पण पांढरे टाय उन्हाने ठिसूळ होतात. काळे, ४.८ मिमी रुंदीचे घ्या. २.५ मिमीचे बारीक टाय पातळ जाळीच्या तारेवरच कापले जातात. टायवर भागवायचं असेल तर दर ८-१० सेमीला एक, आणि वर्षातून एकदा सगळे बदलायचे, असं धरून चला.

कड धरण्याची पद्धत

७० बाय १५ सेमीच्या ग्रिलसाठी लागणारा माल असा : १०० बाय ३३ सेमीचा ॲल्युमिनियम जाळीचा तयार तुकडा एक, १२ बाय २ मिमीची ॲल्युमिनियम पट्टी दोन मीटर, ४ मिमी जाडीचे १६ मिमी लांब बोल्ट १८, तेवढेच नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, थरथरीने न सुटणारे), मोठ्या घेराचे वायसर ३६, आणि सायकलची एक जुनी ट्यूब. मूळ ग्रिल चांगली असेल तर तिला हात लावू नका. भंगारातून त्याच मॉडेलची दुसरी ग्रिल आणा आणि काम तिच्यावर करा.

ग्रिल गाडीवरून काढून धुवा. मागच्या बाजूने जाड पुठ्ठा धरून आकार काढा, पुठ्ठा ग्रिलमध्ये बसवून बघा आणि मगच जाळीवर ठेवा. जाळी कापताना चारी बाजूंनी २० मिमी जास्त ठेवा. पत्रा कापायची साधी कात्री पुरते. ग्राइंडरने कापलं तर पातळ जाळी ओढली जाते आणि चौकोन तिरके होतात.

त्या २० मिमीपैकी १० ते १२ मिमी कड मागे पूर्ण दुमडून घ्या. ही पायरी सर्रास वगळली जाते, आणि कापलेल्या कडेची मोकळी टोकंच पुढे सगळा त्रास देतात : रंग पहिल्यांदा तिथे जातो, हात तिथे कापतो, आणि जाळी मागे सरकली तर तीच टोकं एसीच्या कंडेन्सरमध्ये (रेडिएटरपुढे असलेल्या एसीच्या जाळीदार भागात) घुसतात. कंडेन्सरची नळी पातळ ॲल्युमिनियमची असते. जाळीचं एक टोक थरथरत घासत राहिलं तर भोक पडून गॅस जातो, आणि तो खर्च जाळीच्या कितीतरी पट असतो. म्हणून जाळी आणि कंडेन्सर यांत किमान २५ मिमी अंतर राहायला हवं.

जाळी फार पातळ असेल तर दुमडलेल्या कडेत २.५ मिमीची जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) तार ओवा. तासगाव-पलूसकडे द्राक्षबागेच्या मंडपासाठी वापरतात ती तार यासाठी उत्तम, आणि उरलेले तुकडे कुठल्याही बागेत मिळतात. जस्त आणि ॲल्युमिनियम एकमेकांना फारसं खात नाहीत, म्हणून ही जोडी चालते.

आता ग्रिलच्या मागच्या बाजूला थर असा लावा : प्लास्टिक, त्यावर ट्यूबची १२ मिमी रुंद पट्टी, त्यावर दुमडलेली जाळी, त्यावर ॲल्युमिनियम पट्टी, आणि या सगळ्यातून आरपार बोल्ट. दोन बोल्टमधलं अंतर ८ ते १० सेमी. प्लास्टिकच्या बाजूलाही मोठा वायसर लागतो. नुसता पॉप रिव्हेट प्लास्टिकमध्ये ठोकला की त्याचं फुगणारं शेपूट प्लास्टिकला तडा देतं. रिव्हेटच लावायचा असेल तर ३.२ मिमीचा, शेपटाकडे वायसर घालून.

भोकं सगळी एका मापाची पाडू नका. मधलं भोक ४.५ मिमीचं घट्ट. दोन्ही टोकांची भोकं कानशीने आडवी लांबट करा, ८ मिमीपर्यंत. मधली बाकीची ५.५ मिमीची. वर सांगितलेला २ मिमीचा फरक मधून दोन्हीकडे वाटला जातो आणि या लांबट भोकांत जिरतो. नट आवळताना वायसर बोटाने जेमतेम फिरेल इथे थांबा. नायलॉक असल्यामुळे नट सुटणार नाही, आणि जास्त आवळलं तर प्लास्टिक दबून तडकेल.

ग्रिलला बाक असेल तर जाळी आधी रिकाम्या पाइपवर किंवा गॅसच्या टाकीवर दाबून तोच बाक द्या. सपाट जाळी बोल्टने ओढून वाकवली की ती कायम ताणात राहते, आणि सुटणारा पहिला कोपरा तोच असतो.

पोल्ट्रीची षटकोनी जाळी आपल्याकडे कुठेही आणि स्वस्त मिळते म्हणून बरेचजण तीच लावतात. लावू नका. तिच्या तारा नुसत्या पिळलेल्या असतात. थरथरीने पीळ सैल होतो आणि जाळीला कधीच ताण राहत नाही.

डाग, गंज आणि सुटणारा रंग

ॲल्युमिनियमवर स्क्रूच्या भोवती पांढरी भुकटी दिसत असेल तर ते दोन धातूंचं भांडण आहे. लोखंडी किंवा स्टीलचा स्क्रू, ॲल्युमिनियम आणि रस्त्याचं खारट-चिखलाचं पाणी एकत्र आलं की ॲल्युमिनियम झिजतं. स्क्रूखाली रबराचा किंवा नायलॉनचा वायसर घाला. एसएस (स्टेनलेस स्टील) जाळी लोखंडी पट्टीवर बसवली असेल तर उलट घडतं, आणि जास्त वाईट : मोठी स्टीलची जाळी आणि तिच्यापुढे रंग खरवडलेली एवढीशी लोखंडी जागा, ती जागा भराभर गंजते. एसएस ३०४ जाळीला पट्टी आणि बोल्टही एसएसचेच वापरा.

जीआय वेल्डमेशला (तारा वेल्ड करून केलेल्या जाळीला) तांबडे डाग नेहमी कापलेल्या टोकांवर आणि वेल्ड केलेल्या सांध्यांवर दिसतात. तिथे झिंक प्रायमर ब्रशने लावा, स्प्रेने तो टोकाला पोचत नाही.

काळा स्प्रे पापुद्र्याने निघतो त्याचं कारण बहुतेक वेळा एकच, जाळीवरचं तेल. नवी जाळी कारखान्यातून तेलकटच येते. साबणाने धुवा, वाळल्यावर थिनरच्या फडक्याने पुसा, स्कॉचब्राइटने दोन्ही बाजू घासा आणि परत पुसा. ॲल्युमिनियमला एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला किंचित कोरून धरणारा प्रायमर हवा, साधा राखाडी प्रायमर त्याला नीट धरत नाही. प्रायमर आणि रंग दोन्ही २०-२५ सेमी अंतरावरून, पातळ हात, दोन हातांमध्ये दहा-पंधरा मिनिटं. जाळी टांगून एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, मग वरून-खालून मारा, कारण समोरून मारलेला रंग तारेच्या बगलेत जात नाही. एकाच जाड हाताने भोकं भरतात आणि थेंब लोंबतात. बसवण्याआधी एक पूर्ण दिवस सुकू द्या.

पावडर कोटिंग यापेक्षा कितीतरी टिकतं. सातारा किंवा कूपवाडच्या एमआयडीसीत दुसऱ्या कुणाच्या मालासोबत जाळी भट्टीत टाकून घेतली तर परवडतं. पण भट्टी १८० ते २०० अंशांची असते, म्हणून जाळी आणि धातूच्या पट्ट्याच द्या, प्लास्टिकची ग्रिल कधीही नाही. भोकं पाडून, कड दुमडून झाल्यावरच कोटिंगला द्यायचं. नंतर पाडलेलं प्रत्येक भोक उघडं पडतं.

जाळी लावल्यापासून गाडी तापते

आधी जाळीतली उघडी जागा काढा. चौकोनी जाळीचं भोक ६ मिमी आणि तार १ मिमी असेल तर ६ ला ७ ने भागून त्याचा वर्ग करा : सुमारे ७३ टक्के जागा उघडी. हे चांगलं आहे. ५ मिमी गोल भोकांचा पत्रा, भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत ८ मिमी, ओळी एकाआड एक सरकवलेल्या, यात उघडी जागा फक्त ३५ टक्के. दिसायला भारी, पण रेडिएटरपुढे असा पत्रा लावू नये. डासांच्या जाळीचा टक्का कागदावर बरा दिसतो, पण भोकं इतकी बारीक की हवा अडखळते, आणि किडे-धूळ बसली की एका आठवड्यात ती पडदा होते.

नजरेतून सुटते ती दुसरी गोष्ट. मूळ ग्रिलच्या पट्ट्या तशाच ठेवून मागे जाळी लावली तर दोन्ही अडथळे एकत्र येतात. ग्रिल निम्मी उघडी आणि जाळी ७३ टक्के, तर हाती उरतं साधारण ३६ टक्के. म्हणून एकतर भंगारातून आणलेल्या ग्रिलच्या मधल्या पट्ट्या कापून फक्त चौकट ठेवा, नाहीतर १०-१२ मिमी भोकाची जाळी लावा.

मात्र जाळीला दोष देण्याआधी काटा केव्हा चढतो ते बघा. पोवई नाक्यावर किंवा सांगलीच्या बाजारात गाडी उभी असताना काटा चढतो आणि रस्त्याला लागली की उतरतो : बहुतेक वेळा दोष फॅनचा, थर्मोस्विचचा (तापमान वाढलं की फॅन चालू करणाऱ्या स्विचचा), रिलेचा किंवा वायरिंगचा. घाटात दुसऱ्या गिअरवर किंवा भरधाव रस्त्यावर एसी लावल्यावर चढतो : हवा कमी पडते किंवा रेडिएटर चोंदला आहे. इथे जाळी संशयित.

फॅनची तपासणी सोपी आहे. इंजिन गरम करून फॅन सुरू होऊ द्या आणि वर्तमानपत्राचं एक पान जाळीपुढे धरा. पान जाळीला चिकटून राहिलं पाहिजे. जाळी काढल्यावर चिकटतं आणि लावल्यावर गळून पडतं, तर जाळी दाट आहे. दोन्ही वेळा गळतं, तर फॅन कमजोर. पान बाहेर ढकललं जातं, तर मोटर बदलताना फॅनच्या वायरा उलट जोडल्या गेल्या आहेत आणि फॅन हवा उलटी फेकतो आहे. जुन्या गाड्यांत हे जितकं वाटतं त्यापेक्षा जास्त सापडतं.

पक्की परीक्षा घाटातच होते. सातारकरांसाठी वाई ते पाचगणी, पसरणी घाट. तीच माणसं, तोच गिअर, एसी दोन्ही वेळा सुरू किंवा दोन्ही वेळा बंद, दिवसाची तीच वेळ. एकदा जाळी लावून, एकदा काढून. काटा कुठल्या वळणावर कुठे होता ते शेजारी बसलेल्याने लिहून घ्यावं. सांगलीकरांना घाट जवळ नाही, त्यांनी मिरज-पंढरपूर रस्त्यावर भर दुपारी एसी लावून एकाच वेगाने चालवून बघावं. जाळी काढल्यावर फरक पडला नाही तर जाळी निर्दोष आहे.

मग रेडिएटर बघा. वर्षानुवर्षं बोअरचं जड पाणी भरलेल्या रेडिएटरच्या नळ्या आतून क्षाराने बुजतात. गरम इंजिनवर इन्फ्रारेड थर्मामीटर रेडिएटरभर फिरवा. मध्येच एखादा पट्टा थंड लागला तर तिथून पाणी फिरत नाही. २०१९ किंवा २०२१ च्या कृष्णेच्या पुरात पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांत कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत गाळ वाळून बसलेला असतो. समोरून तो दिसत नाही, दोन्ही वेगळे केल्याशिवाय निघत नाही. जाळी लावली त्याच उन्हाळ्यात त्रास सुरू झाला म्हणून दोष जाळीवर येतो.

फॅन-रेडिएटरजवळ हात घालून काम करताना चावी काढून ठेवा आणि बॅटरीची ऋण वायर सोडा. काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही फॅन आपोआप फिरतो. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही.

गळीत हंगामातली सफाई

ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून कारखाने सुरू झाले की उसाच्या ट्रॉल्यांमागून चालणाऱ्या गाडीच्या जाळीवर पाचट बसणारच. ते जाळीवर अडकलं तर चांगलंच, कंडेन्सरच्या पत्र्यांत घुसलं असतं त्यापेक्षा हाताने ओढून निघतं. या चार-पाच महिन्यांत आठवड्यातून एकदा मऊ ब्रश फिरवा. पाणी मारायचं तर जमेल तिथे इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, साध्या नळीने. सर्व्हिसिंग सेंटरची प्रेशरची तोटी जवळून मारली की कंडेन्सरच्या पातळ पत्र्या आडव्या होतात आणि हवा कायमची अडते. आडव्या झालेल्या पत्र्या फिन कोंबने (कंगव्यासारख्या हत्याराने) किंवा बारीक पात्याने एकेक सरळ कराव्या लागतात.

बसवण्याआधी आणखी तीन तपासण्या

बोनेटची सेफ्टी कडी. आतली दोरी ओढल्यावर बोनेट अर्धवट उचलतं आणि मग बोटाने दुसरी कडी सोडावी लागते. त्या बोटाला जाळी आड येत नाही ना, हे ग्रिल पक्की करण्याआधी तीन-चार वेळा उघडून बघा. कडीची दोरी जाळीच्या कडेला घासत असेल तर तिच्यावर रबरी नळी चढवा.

पुढची नंबर प्लेट. एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) स्नॅप लॉकने बसवलेली असते आणि ते लॉक एकदा तोडलं की पुन्हा वापरता येत नाही. खालच्या बंपरची जाळी प्लेटच्याच भोकांत अडकवण्याचा मोह टाळा, जाळीला तिचे स्वतंत्र बोल्ट द्या. जाळी किंवा तिची पट्टी प्लेटच्या कुठल्याही अक्षरावर येता कामा नये, आणि दिव्यांपुढे जाळी अजिबात नको.

बाहेर आलेला भाग. जाळी ग्रिलच्या आत राहिली तर प्रश्न येत नाही. जाळीसोबत बाहेरून लोखंडी नळीचा गार्ड जोडला की तो बुल बार ठरतो. केंद्रीय रस्ते परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये असे गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ विरुद्ध असल्याचं सांगून राज्यांना कारवाई करायला लावली. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला गाडी तपासणीसाठी न्यावी लागते. मूळ ग्रिल तिच्या सगळ्या क्लिपांसकट माळ्यावर जपून ठेवली असेल तर त्या दिवशी अर्ध्या तासात ती परत चढवता येते.